टपाची मोटार

टोमण्याला कुणी तोंडाने उत्तर देतं, कुणी हाताने देतं, कुणी मनात ठेवून मरेपर्यंत कुढत बसतं. पण टोमण्याला उत्तर म्हणून आख्खी मोटार बांधायला घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे शहाद्याचे घरमालक. मी गुराढोरांचा डॉक्टर. साताऱ्याकडे वाढलेला, नुकतं लग्न झालेला, आणि सरकारने बदलीच्या हुकमात पश्चिम खानदेश लिहिलं म्हणून बायकोसह तापीकाठी येऊन पडलेला. जागा पाहायला गेलो तर घरमालकांनी खोल्या दाखवायच्या आधी मला अंगणात नेलं. तिथे निंबाच्या झाडाखाली दगडांवर एक मोटार उभी होती. उभी म्हणायचं एवढंच. चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती, पुढचे दिवे ओट्यावर होते, आणि टपाच्या जागी नुसत्या लोखंडी कमानी उरल्या होत्या. पाण्याची सोय काय, असं मी विचारलं, तर त्यांनी मोटारीत पाणी कुठून ओततात ते दाखवलं. खोल्या मी नंतर माझ्या मीच पाहून घेतल्या.

या मोटारीमागची हकिकत शहाद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, त्यामुळे आम्हाला ती बिऱ्हाड लावायच्या आतच कळली. घरमालकांची बायको तापीपलीकडच्या एका गावातली. माहेर तालेवार, भावाकडे लष्कराच्या लिलावातली जीपगाडी. खानदेशात आखाजीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. अशाच एका आखाजीला घरमालक स्वतः बायकोला बैलगाडीतून पोचवायला निघाले आणि तापीच्या वाळूत गाडी आसापर्यंत रुतली. बैल बसले ते बसलेच. शेवटी मेहुण्याने जीप आणून दोराने गाडी ओढून काढली. काठावर आखाजीला जाणाऱ्या-येणाऱ्यांची ही गर्दी, आणि त्या गर्दीसमोर मेहुणा हसत म्हणाला, "दाजी, आते बैलं इकी टाका नि मोटार ल्या." घरमालकांनी बायकोला जीपमध्ये बसवलं, बैलांच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "आते मोटार लीसनच ईसू." ते घरी परत आले. आखाजी झाली, पेरण्या झाल्या, दिवाळी झाली, तरी बायकोला आणायला ते गेले नाहीत. न्यायला आल्याशिवाय लेक पाठवायची नाही, हा तिकडचा ताठा. मोटारीशिवाय जायचं नाही, हा इकडचा. पोरबाळ नव्हतं, नाहीतर त्याच्या निमित्ताने तरी कुणीतरी नमलं असतं. आम्ही राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं होऊन गेली होती.

मोटार त्यांना मिळाली ती अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका छोट्या जहागिरीत. जहागीर खालसा झाली, शिकार बंद झाली आणि शिकारीची ही विलायती टपाची गाडी गोठ्यात जाऊन पडली. घरमालक न्यायला गेले तेव्हा तिच्या मागच्या गादीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. जहागीरदारांचा गडी कोंबडी उचलायला गेला तर यांनी त्याचा हात धरला. बसलेल्या कोंबडीला उठवायचं नसतं, पाप लागतं. मग दोन बैलजोड्या लावून, कोंबडीसकट, ही मोटार डोंगर उतरून शहाद्याला आली. वाटेत प्रत्येक गावात लोक रस्त्यावर आले, आणि मोटारीपेक्षा कोंबडीलाच जास्त पाहून गेले. पिल्लं बाहेर पडून आपापल्या पायांनी उतरेपर्यंत घरमालकांनी मोटारीला हात लावला नाही. ही हकिकत ते स्वतःच्या भूतदयेचा दाखला म्हणून सांगत. पण मला पुढे पुढे वाटायला लागलं की त्यांच्या सगळ्या दिरंगाईची सुरुवात त्या कोंबडीपासून झाली. काम थांबवायला एक चांगलं, पुण्याचं कारण मिळतं हे त्यांना तिने शिकवलं.

मोटारीचं काम त्यांनी जन्मात कधी केलेलं नव्हतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन ते खोलत आणि जोडत, तेवढीच काय ती शिदोरी. कुणीही शहाणा माणूस आधी इंजिन पाहील, चाकं पाहील. यांनी सगळ्यांत आधी भोंगा दुरुस्त केला. रबरी फुगा सुरतेकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून मागवला, पितळी कर्णा चिंचेने घासून लख्ख केला, आणि चाकं नसलेल्या, इंजिन नसलेल्या मोटारीत बसून रोज दिवेलागणीला ते तो एकदा वाजवत. आळीतल्या बायका त्या आवाजावर चुली पेटवत. माझ्या बायकोने एकदा त्यांना विचारलं की ह्याच वेळी का वाजवता? तर ते म्हणाले, या वेळी सगळीकडून हाका ऐकू येतात. कुणी पोराला बोलावतं, कुणी नवऱ्याला जेवायला बोलावतं. आपल्या अंगणातूनही काहीतरी आवाज गेलेला बरा. हे त्यांनी हसत सांगितलं. ती मात्र हसली नाही आणि त्या दिवसापासून आमच्याकडची कोशिंबीर, भाजी, काय असेल ते त्यांच्या मोटारीत जाऊ लागलं. मोटारीत म्हणजे खरोखरच मोटारीत. कारण ते जेवत तिथेच. स्टिअरिंगच्या चक्रापाशी भाकरी मांडीवर घेऊन बसत. डावीकडची गादी मात्र कायम झाडलेली, पुसलेली असे. तिच्यावर त्यांनी ना कधी तांब्या ठेवला ना पान्हा.

गाडीकडे ते गाडी म्हणून पाहतच नसत, जनावर म्हणून पाहत. पाणी घालायची जाळी म्हणजे नाकपुड्या, रबरी नळ्या म्हणजे शिरा, आणि मागचा धूर जिथून निघतो त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. सुटे केलेले भाग ते बाजेवर ओळीने मांडत आणि त्यांवर, सोवळ्यातल्या पापडांवर टाकतात तसं, पांढरं धोतर पसरत. मांजर त्यावरून गेलं तरी सगळे भाग पुन्हा पुसायला काढत. साहजिकच घरात जनावरांचा डॉक्टर भाडेकरू म्हणून येणं हा त्यांना दैवी संकेत वाटला. मी दवाखान्यातून येऊन चपला काढतो न काढतो तोच दारात यायचे, चौकटीला हात लावून उभे राहायचे, आत मात्र कधी यायचे नाहीत. "डागदर, जरा नळी लाईसन दखा, काय म्हनी ऱ्हायनी ती." मग मी नळी कानाला लावून, म्हशीच्या पोटाला लावतो तशी इंजिनाला लावून ऐकायचो. पहिल्यांदा मी हे थट्टेने केलं. पण त्यांचा चेहरा इतका काळजीत असायचा की हळूहळू मीही गंभीरपणे ऐकायला लागलो आणि डाव्या कुशीत घरघर आहे, असं चार लोकांत सांगायला लागलो. गंमत म्हणजे त्यांनी डावी कूस उघडली तेव्हा तिथे खरंच एक झडप झिजलेली निघाली. त्यानंतर तालुक्यातले दोघेतिघे आपली ऑइल इंजिनं दाखवायला माझ्या दवाखान्यात आले. त्यांना परत पाठवताना माझी पुरेवाट झाली.

सर्वांत जास्त काळ चालला तो टपाचा प्रश्न. बायकोला उन्हाचा त्रास, उन्हात डोकं दुखतं, त्यामुळे टप असा हवा की आत सावली दाट पडली पाहिजे, पण वारं खेळलं पाहिजे, आणि हवा तेव्हा पाडता आला पाहिजे. पहिला टप त्यांनी कापसाच्या गाड्यांवर टाकतात त्या ताडपत्रीचा केला. त्याला डांबराचा वास आला म्हणून तो गेला. दुसरा जाड खादीचा केला, त्यातून ऊन गळायला लागलं. तिसऱ्यासाठी पोळ्याच्या झुली शिवणारा एक कारागीर गाठला. तो आयुष्यभर बैलांचीच मापं घेत आलेला. त्याने ताडपत्रीला आतून लाल अस्तर लावलं ते झकास, पण कडेला सवयीने आरसे आणि गोंडेही लावले. शेपटीसाठी भोक ठेवायचं त्याच्या हातून थोडक्यात राहिलं. मला वाटलं, हे आता उसवणार. पण घरमालक गोंड्यांवरून हात फिरवत म्हणाले की राहू द्या, तिला लाल आवडतं. टप पाडायचा आणि चढवायचा सराव ते रोज सकाळी करत. पाडताना कमानी कुरकुरत, गोंडे हलत, आणि शेजारपाजारची माणसं दात घासता घासता पाहत उभी राहत.

आमची बायको रोखठोक. साताऱ्याची माती. तिला हा सगळा पसारा म्हणजे बायकोला न आणण्याची सबब वाटे, आणि ती हे त्यांच्या तोंडावर सांगे. शहाद्याहून नदीपर्यंत एसटी जाते, पलीकडे अर्ध्या तासाची पायवाट; उद्या सकाळी जा आणि घेऊन या, असं तिचं म्हणणं. त्यावर ते म्हणत, "एसटी सरकारनी शे, पोरी. मी सरकारना जावई थोडाच शे?" हसून झालं की विषय तिथेच मिटे. पण मीही एक गोष्ट पाहत होतो. मोटार एकदा चालू झाली होती. दोनदा झाली होती. एकदा तर ती बाजारपेठेतून एक चक्कर मारून आली आणि देवळापुढे लोकांनी नारळ फोडला. आता निघणार म्हणून सगळे वाट पाहत असताना दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाजेवर धोतर पसरलेलं आणि धोतराखाली मोटारीची सगळी आतडी. विचारलं तर म्हणाले, आवाजात जरा कसर होती. मला तर नळीतून काहीच कसर ऐकू आली नव्हती. असं प्रत्येक उन्हाळ्यात होई. आखाजी जवळ आली की मोटार सुटी होई आणि आखाजी सरली की हळूहळू पुन्हा जोडली जाई.

मग एका वर्षीचा पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि त्यांच्या कानात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं सांगायचं. घरमालकांनी बैलांचं आवतण उरकलं आणि मोटारीकडे पाहिलं. तिनेही वर्षभर सोसलं होतं. तिलाच तेवढं वगळणं त्यांच्या जिवावर आलं. पण मोटारीचे खांदे कुठले? मला बोलावणं आलं. मी विचार करून म्हटलं की ओझं जिथे पेलतं तो खांदा, म्हणजे हिशेबाने चाकांचे सांधे. ते खूश झाले. वरवर चोळून काय उपयोग, सांध्यात मुरलं पाहिजे, म्हणून त्यांनी चारही चाकं काढली, आतले ड्रम उघडले आणि घरचं लोणकढं तूप हळद घालून असं प्रेमाने चोळलं की एकही सांधा कोरडा राहिला नाही. मग तिच्या दिव्यापाशी तोंड नेऊन त्यांनी आवतण दिलं. मी जनावरांचा डॉक्टर. ब्रेक नावाची वस्तू त्याच ड्रममध्ये राहते हे मला कुठून ठाऊक असणार? आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्या क्षणी फक्त खांदा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी बैल सजले, त्यांच्यामागून झेंडूच्या माळा घातलेली मोटार निघाली, आणि वेशीच्या उतारावर ती बैलांना मागे टाकून पुढे निघाली. घरमालक दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते. तूप लावलेल्या ब्रेकला काय त्याचं? मोटार शिंगांच्या, गोंड्यांच्या, वाजंत्र्यांच्या मधून, कुणालाही न शिवता, भोंगा वाजवत उतरली आणि खालच्या मळ्यातल्या कडब्याच्या गंजीत टपापर्यंत शिरली. आम्ही धावत गेलो. आतून आधी खोकला ऐकू आला, मग ते बाहेर आले, अंगभर कडबा, कपाळावर हळद. लोक पोट धरधरून हसत होते. तेही हसले. पण मोटार मागे ओढून काढायला शेवटी बैलच लावावे लागले, आणि दोर बांधताना त्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला. त्यांना तापीची वाळू आठवली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर पुन्हा बाजेवर पसरलेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या आधी काही दिवस, ते चौकटीला हात लावून उभे असताना माझी बायको पीठ मळायची थांबली आणि म्हणाली, "काका, गाडी केव्हाच तयार झालीय. तुम्हाला भीती वाटते म्हणून सांगा ना सरळ." मला वाटलं आता हे चिडतील आणि आम्हाला दुसरी जागा पाहावी लागेल. ते चिडले नाहीत. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले आणि पाटावर बसले. मग म्हणाले, "आनि ती नही म्हनी ते?"

मोटार तयार नव्हती तोवर बायको येणार होती, एवढी साधी गोष्ट होती ती. जगातल्या कुठल्याही गाडीचा आवाज अशा माणसाला बिनकसरीचा वाटला नसता. माझ्या बायकोने त्यांना चहा दिला, आणि नाही म्हणाल्या तर परत या, आम्ही आहोत इथे, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून बाजेवरचे भाग एकेक करून मोटारीत जायला लागले.

निघायचा दिवस त्यांनी निवडला तो आखाजीचाच. डॉक्टर बरोबर असलेला बरा म्हणून मला मागच्या गादीवर बसवलं. डावीकडची पुढची जागा अर्थातच मोकळी. आळीने घोळक्याने निरोप दिला. माझ्या बायकोने त्यांची आतली खोली सारवून घेतली, आणि दिवेलागणीच्या आत या, मी भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी राहते, असं बजावलं. रस्ताभर गावोगावी झाडांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी उंच चढत होत्या. मोटार उत्तम चालली. ती तापीच्या वाळूत रुतली तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवेना. पण मागून एक बैलगाडी आली. कुणी मुराळी, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला गेलेला भाऊ, उशीर झाला म्हणून घाईत चालला होता. त्याने न विचारता बैल सोडले आणि मोटारीला जुंपले. गाडीतली बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. घरमालक चक्र धरून ताठ बसले, आणि बैलांनी त्यांना मोटारीसकट वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या काठाला नेऊन ठेवलं. मी म्हटलं, चला, हेही झालं. ते उतरून बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवून आले.

सासऱ्यांच्या दारात त्यांनी भोंगा वाजवला. मेहुणा बाहेर आला, पार पिकलेला, काठी टेकत. त्याची जीप कधीच मोडीत गेली होती. त्याने दाजींना कडकडून मिठी मारली, मोटारीभोवती फिरला, गोंडे पाहून हसला. घरमालकांनी मान ताठ करून वाळूतल्या त्या बोलण्याची आठवण दिली. मेहुण्याने खूप आठवून पाहिलं. मी असं म्हणालो होतो? मग काहीतरी थट्टा केली असेन, असं म्हणाला आणि चहा सांगायला आत ओरडला. जो टोमणा यांनी इतकी वर्षं तेलपाणी घालून चालता ठेवला, तो तिथे कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. घरमालक ओट्यावर बसले ते हातातलं काम कुणीतरी काढून घेतल्यासारखे.

तेवढ्यात घरमालकीणबाई पाणी घेऊन आल्या. किरकोळ बांधा, केस निम्मे पांढरे, हातावर पीठ. आधी त्यांनी मोटारीकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ फक्त तिच्याकडेच पाहिलं. आज यायचं का, असं काहीतरी घरमालक पुटपुटले. मेहुणा हसला. आखाजीच्या दिवशी माहेरवाशीण कुणी धाडतं का, दाजी? आणि मला एकदम उमगलं की ही रीत घरमालकांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. म्हणूनच त्यांनी हा दिवस निवडला होता. आज नकार आला तर तो रीतीचा नकार, तिचा नव्हे. इतका भित्रा आणि इतका हुशार माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाईंनाही ते कळलं असावं. त्या ओट्यावरून उतरल्या, हात पदराला पुसले आणि मोटारीच्या डाव्या गादीवर जाऊन बसल्या. घरमालक धडपडत चक्रापाशी गेले. टप चढवलेलाच होता. लाल अस्तराची सावली आत दाट पडली होती. त्या वर पाहून म्हणाल्या, "टप पाडी टाका. लोकेस्ले दिसू द्या."

रोज सकाळी सराव केलेल्या माणसाला त्या दिवशी टप पाडायला फार वेळ लागला. मग ती दोघं भर उन्हात, उघड्या मोटारीतून, झोक्यांवरच्या पोरींच्या मधून नदीकडे गेली. मी ओट्यावर मेहुण्याबरोबर बसून राहिलो. परत आली तेव्हा बाईंच्या केसांत धूळ होती आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्या उतरल्या, आत गेल्या आणि बिबड्यांचा डबा आणून आपल्या जागेवर ठेवला. खानदेशात उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या करतात, पापडासारख्या. बायकोच्या हातच्या घरमालकांना आवडत असत, हे मला तेव्हा कळलं. घरमालक डब्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी गाडी चालू केली.

मेहुण्याच्या बैलांनी मोटार नदीपार काढून दिली. नंतर, मी विचारलं नसताना, सांगायला लागले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, कूस बदलायलाही माणूस लागे, आणि ते सगळं त्यांची बायको एकटी करत होती. आईला टाकून ती आता यायची नव्हती. तसं तिने सरळ सांगितलं होतं, रागाने नव्हे. पुढच्या वळणावर म्हणाले, "पयले दोन-तीन साल आखाजी सरनी का ती गाठोडं बांधीसन ओटावर बशी ऱ्हाये. बैलगाडीमा गयू असतू तरी ती उनी असती." म्हणजे साध्या बैलगाडीतही ती आली असती. मी त्यांच्या पाठीकडे पाहत बसलो होतो. मला त्यांची अतोनात दया आली, आणि रागही आला, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

दिवेलागणीला आम्ही आळीत शिरलो. बायका दारात आल्या होत्या. माझी बायको घरमालकांच्या उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मोटार अगदी दाराशी, जिथल्या तिथे थांबली. ब्रेकना आता काही झालेलं नव्हतं. सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे डबा होता. माझी बायको क्षणभर थबकली. मग पुढे झाली, तिने तो तुकडा घरमालकांवरून आणि डब्यावरून ओवाळून टाकला, पुढच्या चाकांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "काका, आत या. जेवायला वाढलंय."

त्यानंतर मोटार पुन्हा कधी सुटी झाली नाही आणि भोंगाही वाजला नाही. दिवेलागणीला आता माझी बायकोच त्यांना हाक मारत असे. पुढल्या आखाजीला ते एकटेच निघाले, मला बरोबर न घेता, आणि संध्याकाळी नवा डबा घेऊन आले. त्याच्या पुढल्या आखाजीलाही गेले. न्यायला नव्हे, त्या दिवशी माहेरवाशिणीला कुणी नेत नाही, तेव्हा विचारायचाही प्रश्न नाही आणि नाही म्हणायचाही. तिला शेजारी बसवायचं, टप पाडायचा, नदीपर्यंत जायचं, परत यायचं. आमची बदली झाली तेव्हा त्यांनी आम्हाला मोटारीने स्टँडवर पोचवलं. मी, बायको आणि ट्रंका असे मागे कोंबून बसलो होतो, पुढची जागा मोकळी होती, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता आम्ही साताऱ्याकडे आहोत. त्या म्हाताऱ्या सासूबाईंचं पुढे काय झालं, त्या बाई कधी शहाद्याला आल्या का, मला माहीत नाही. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आमरस असतो. दुपारी ऊन कडक झालं की वाढता वाढता बायको मधेच थांबते, दाराबाहेर बघते आणि म्हणते, "आता टप पाडला असेल."

मी हो म्हणतो.